ओम्नी ‘लो’ करून मोठे अलॉय टाकायचेत? आधी गल्लीतला स्पीडब्रेकर मोजा

रील तुम्हीही बघितलं असेल. जुनी ओम्नी, पोट जवळपास रस्त्याला टेकलेलं, चाकांच्या कमानी भरून टाकणारे चकचकीत अलॉय. खाली कमेंटमध्ये एकच प्रश्न, “भाऊ, खर्च किती?”

दिसते भारीच, त्यात वाद नाही. पण हीच गाडी असोद्यात आणून बघा. जळगावला खेटून असलेलं, बहिणाबाई चौधरींचं माहेर, भरिताच्या वांग्यांसाठी खान्देशात नावाजलेलं गाव. इथे ओम्नीला सकाळी वांग्यांचे कॅरेट न्यायचे असतात आणि लग्नसराईत आठ माणसं. रीलमधली गाडी मात्र कायम रिकामी असते.

ओम्नी मुळात ओझं वाहायलाच जन्मली. सुझुकीच्या ‘कॅरी’वरून मारुतीने १९८४ मध्ये ती ‘मारुती व्हॅन’ म्हणून आणली, १९८८ मध्ये ओम्नी नाव मिळालं आणि २०१९ मध्ये उत्पादन थांबलं. ७९६ सीसीचं इंजिन पुढच्या सीटखाली, १२ इंची रिम, पुढे गोल स्प्रिंग आणि मागे ट्रकसारखे पाटे.

आता ‘लो’ करतात कसं? नीट पद्धत म्हणजे त्या गाडीच्या वजनाला जुळणारी छोटी स्प्रिंग आणि शॉकॉब्सर. स्वस्तातली पद्धत म्हणजे पुढची स्प्रिंग ग्राइंडरने कापायची आणि मागचा एखादा पाटा काढायचा. गंमत अशी की स्प्रिंगचे वेढे कमी केले की ती कडक होते, पण पाटा काढला की मागची बाजू मऊ पडते. म्हणजे एकाच गाडीचं पुढचं टोक दणके देतं आणि मागचं टोक ओझ्याने बसतं. ओम्नीत ड्रायव्हर पुढच्या चाकावरच बसलेला असतो, त्यामुळे तो दणका थेट कंबरेत जातो. कापलेली स्प्रिंग चाक खड्ड्यात लोंबकळलं की आपल्या जागेवरून सरकूही शकते. काही जण तर गॅसने तापवून स्प्रिंग बसवतात. त्यात पोलादाचं पाणीच उतरतं. हे अजिबात करू नका.

शिवाय पुढची उंची बदलली की चाकांचा कोन बदलतो. अलाइनमेंट केली नाही तर टायर आतल्या बाजूने खात जातो.

चाकांचा हिशेब वेगळा. १४५/८० आर १२ टायरची बाहेरची उंची सुमारे ५३७ मिमी. त्याजागी १४५/८० आर १३ टाकला तर ती ५६२ होते. मग स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी खरं तर ६३ च्या आसपास पळत असते. छोट्या इंजिनला तेवढं मोठं चाक फिरवायला जोरही जास्त लागतो. त्यात गाडी खाली आणलेली, म्हणजे स्टेअरिंग पूर्ण वळवलं की टायर आतल्या पत्र्याला घासणार. रिम बाहेर आलेली असेल तर बेअरिंगवर जादा ताण, तो वेगळाच.

आणि आता स्पीडब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा ब्रेकर १० सेंमी उंच असतो, पण ३.७ मीटर रुंद. ओम्नीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर १.८४ मीटर. म्हणजे चारही चाकं एकदम ब्रेकरवर मावतात आणि पोटाखालची जागा जेमतेम अडीच सेंमीने कमी होते. आपल्या गल्लीत मात्र डांबराचा अरुंद उंचवटा असतो. तो अख्खा दोन चाकांच्या मधे येतो. ओम्नीचा ग्राउंड क्लिअरन्स साधारण १६५ मिमी. दोन इंच खाली आणली की उरले ११५. पाच माणसं बसली की आणखी कमी. समोर १२ सेंमीचा उंचवटा आला तर पोट घासणारच.

गाड्या खाली बसवण्याची हौस जपानमध्ये जुनी आहे, तिथे त्याला ‘शाकोतान’ म्हणतात. पण तिथल्याही सक्तीच्या तपासणीत किमान ९ सेंमी क्लिअरन्स लागतो.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या आणि नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. केरळच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने ९ जानेवारी २०१९ ला हेच ठामपणे सांगितलं आणि हायकोर्टाचा निकाल फिरवला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बेकायदा बदलामागे ५ हजार दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. खासगी गाडीच्या आरसीवर टायरचं माप नसतं, म्हणून ‘चालतंय की’ म्हणणारे बरेच भेटतात. पण १५ वर्षांनी नोंदणी वाढवायला एमएच १९ ची गाडी आरटीओत दाखवावीच लागते आणि बहुतेक ओम्नींची ती वेळ आलीय किंवा येऊन गेलीय. न कळवलेल्या बदलावरून अपघाताचा क्लेमही अडू शकतो.

तरी हौस आहेच, तर उंचीला हात न लावता १३ इंची रिम आणि १५५/६५ टायरचा विचार करा. बाहेरची उंची ५३२ मिमी, म्हणजे मूळ मापाजवळच. ओम्नीच्या मूळ टायरवर ‘एलटी’ आणि ‘६ पीआर’ लिहिलेलं असतं, म्हणजे तो जड ओझ्यासाठी बनवलेला असतो. नवा टायर तेवढं वजन पेलतो का आणि नटांमधलं अंतर जुळतं का, हे दुकानदाराला आधी विचारा. आणि गाडी वळणावर डुलते म्हणून लो करायची असेल, तर पहिल्यांदा शॉकॉब्सर आणि रबरी बुश तपासून घ्या. जुन्या ओम्नीत बऱ्याचदा तेच गेलेले असतात.