ओवीतला नाताळ

अंबाजोगाईला संतकवी दासोपंतांची पासोडी आहे. कागद सोडून कापडावर लिहिलेला हा ग्रंथ चांगला चाळीसेक फूट लांबीचा. दासोपंत गेले शके १५३७ मध्ये. त्याच सुमारास, १६१६ साली, तिकडे गोव्यात राचोलला फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले. जवळजवळ अकरा हजार ओव्या, आणि छापल्या त्या रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे हाताशी नव्हते. दोघे समवयस्क म्हणावेत इतके जवळचे. एक बालाघाटाच्या माथ्यावर गीतेवर ओव्या रचत होता, दुसरा समुद्रकाठी बेथलेहेमच्या बाळावर. त्यांनी एकमेकांचे नावही ऐकले असण्याचे कारण नाही. मात्र दोघांनी हाती घेतले ते माप एकच, ओवीचे. परंपरेप्रमाणे त्याच मापात याच अंबाजोगाईत मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ शके १११० मध्ये सांगितला. (त्या ग्रंथाचा काळ आणि स्थळ यांवरचा वाद जुना आहे, तो इथे उकरत नाही.)

नाताळ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वांद्र्याची रोषणाई किंवा पुण्याच्या कॅम्पातला केक येतो. हा शब्दही पोर्तुगिजांकडून आला. पण मराठी ख्रिस्ती माणसाचा नाताळ कानाने शोधायला गेलो, तर पेटी, तबला आणि टाळ ऐकू येतात. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांचे गीतपुस्तक म्हणजे ‘उपासना संगीत’. त्यात इंग्रजी चालीची गीते आहेत आणि देशी चालीचीही. माझा पक्षपात उघडच सांगतो: इंग्रजी चालीवर बसवलेल्या मराठी शब्दांचे ऱ्हस्व-दीर्घ अनेकदा ठेचकाळतात. अभंगाच्या चालीत तेच शब्द घरच्यासारखे मांडी घालून बसतात.

देशी चालीची ही बैठक घडली अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला. अमेरिकन मराठी मिशनचे काम तिथे १८३१ मध्ये सुरू झाले. कीर्तन हा आपल्या माणसांचा प्रकार आहे, तो येशूच्या कथेसाठी का वापरू नये, हे ओळखणाऱ्या पहिल्या लोकांत कृष्णराव रत्नाजी सांगळे होते. पूर्वरंग, आख्यान, मधे पद, सगळे तसेच; आख्यान तेवढे शुभवर्तमानातले. मिशनकडे वळलेल्यांत महार-मांग समाजातली कुटुंबे मोठ्या संख्येने होती. मांगांकडे तर हलगी आणि सनई पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. वाद्य वाजवायला त्यांना कोणा पाद्र्याने शिकवण्याची गरज नव्हती.

अंबाजोगाईचा बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात, नगर इंग्रजांच्या. सरहद्द नकाशावर होती, बाजारहाटात नव्हती. बीड जिल्ह्यातल्याच आष्टीच्या माणसाला आजही बीडपेक्षा नगर जवळ. २०२२ मध्ये आष्टीपर्यंत रेल्वे आली, तीही नगरकडूनच. नगरच्या मिशनचे सूर पूर्वेकडे आले असतील, तर त्यांची वाट याच बाजूने असणार, असा माझा तर्क आहे.

रेल्वेवरून आठवले. कवी नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार आला तो गाडीतच. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना एका युरोपीय सहप्रवाशाने तो दिला. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरून ठेवले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, घर मोडले, आणि पत्नी लक्ष्मीबाईंच्या वाट्याला जे आले ते त्यांची ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला सांगायला नको. ज्या माणसाने शांतीची इतकी गीते लिहिली, त्याच्या संसारात वर्षानुवर्षे शांती नव्हती. धर्म बदलला तरी तुकाराम सुटला नाही. तुकारामाच्याच पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक मानत. ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ अपुरे टाकून ते १९१९ मध्ये गेले. पुढचे लक्ष्मीबाईंनी लिहिले.

या सगळ्या रचनांत ‘शांती’ हा शब्द येतो, आणि तिथेच मला मराठी नाताळाची मेख दिसते. शब्द उसना नाही. मुकुंदराजांकडे शांती येते ती विवेकातून, आपण कोण हे कळल्यावर. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात येशू निरोप घेताना शिष्यांना शांती देऊन जातो. ती कमावायची नाही, घ्यायची आहे. मराठी भजनात मात्र या दोन्ही एकमेकींत मिसळतात. गाणारा माणूस टाळ धरून तेच पद पाचव्यांदा म्हणतो, तेव्हा त्याला मिळालेली शांती दिलेली की नामस्मरणाने साधलेली, हे पाळकालाही वेगळे काढता येणार नाही. काही धर्मशास्त्रज्ञांना हे खटकेल. मला त्यात बिघडलेले काही दिसत नाही.

आता बीडचा डिसेंबर. दिवाळी सरली की या जिल्ह्यातली लाखो माणसे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून आगाऊ उचल त्या जोडीवर मिळते. ती घेतली की मागे फिरता येत नाही, बाईचे दिवस भरत आलेले असले तरी. नाताळात कारखान्याचे गाळप रात्रंदिवस चालू असते, त्यामुळे २५ डिसेंबरला सुट्टी नाही. गावाकडे घराला कुलूप किंवा दारात म्हातारे.

लूकच्या दुसऱ्या अध्यायाला हे नवे नाही. सरकारी नावनिशीसाठी एक जोडपे घर सोडून निघते, बाई अवघडलेली, मुक्कामाला जागा नाही, बाळ गोठ्यातल्या गव्हाणीत. पाचटाने शाकारलेल्या कोपीत, बैलांच्या शेजारी, ऊसतोड कामगारांची बाळे जन्मली आहेत. नगरच्या कीर्तनकाराला आख्यान रंगवायला दृष्टांत शोधावा लागतो. बीडच्या श्रोत्याला तो पाठ असतो. आणि वार्ता प्रथम ज्यांना सांगितली जाते ते रात्रपाळीचे मेंढपाळ आहेत, कोणी मानकरी नव्हेत. लूक पुढे त्यांचे नाव घेत नाही, त्यांना दक्षिणाही मिळत नाही. त्यांनी बाळ पाहिले, आणि गात गात आपल्या कळपांकडे परतले.