पित्याकडून पुत्राकडे

अपत्य नसल्यास दोष स्त्रीचाच, ही समजूत आपल्या समाजात खोल रुजलेली आहे. वस्तुतः वंध्यत्वाचे कारण पुरुषाच्या गुणसूत्रांतही असू शकते. पुरुषाच्या पेशीत सामान्यतः एक एक्स व एक वाय गुणसूत्र असते. काहींत एक एक्स अधिक असते. अशांची वृषणे लहान राहतात आणि वीर्यात बहुधा शुक्राणू आढळत नाहीत. क्लाइनफेल्टर यांनी १९४२ साली वर्णिलेल्या विकाराचे हे कारण १९५९ मध्ये उघड झाले.

पुढे १९७६ साली तिएपोलो व झुफार्दी या इटालियन संशोधकांनी शुक्राणूहीन अशा सहा पुरुषांत वाय गुणसूत्राच्या लांब भुजेचा भाग लोपल्याचे दाखविले. शुक्राणूनिर्मितीस आवश्यक अशी काही जनुके तेथेच असतात. असा दोष पूर्वी सहसा त्या पुरुषाबरोबरच संपे. १९९२ पासून मात्र एकच शुक्राणू बीजांडात सोडून गर्भधारणा घडविता येऊ लागली. कन्येला पित्याचे वाय गुणसूत्र मिळत नाही. पुत्राला ते मिळते, आणि त्यासोबत हा दोषही. म्हणूनच अशा उपचारापूर्वी गुणसूत्रांची तपासणी व्हावी आणि तिचा अर्थ दोघांनाही समजावून सांगितला जावा, हे इष्ट होय.