ट्रायम्फ स्टॅगचे तापणारे इंजिन

इंग्लंडातील कॉव्हेंट्री शहरातल्या कॅनली येथील कारखान्यातून १९७० साली ट्रायम्फ कंपनीने ‘स्टॅग’ ही मोटार बाजारात आणली, तेव्हा तूरिनच्या जोव्हानी मिकेलोत्ती या रचनाकाराने रेखलेली तिची डौलदार आकृती, चौघांची ऐसपैस बैठक, हवे तेव्हा उघडता येणारे छत आणि बॉनेटखालचे २९९७ सी.सी.चे, १४५ अश्वशक्तीचे, आठ सिलिंडरांचे व्ही-इंजिन हा सारा सरंजाम पाहता ती दीर्घकाळ नावलौकिक मिळवील अशी अपेक्षा बाळगणे मुळीच गैर नव्हते. १९७७ साली तिचे उत्पादन बंद झाले तोवर सुमारे २६ हजार गाड्या तयार झाल्या होत्या. परंतु तिचे नाव सर्वतोमुखी झाले ते इंजिन तापण्याबद्दल आणि हेड गॅस्केट उडण्याबद्दल.

इंजिनाचे मुख्य अंग दोन भागांचे असते. खाली ब्लॉक, ज्याच्या सिलिंडरांत पिस्टन वर-खाली होतात. आणि वर हेड, ज्यात झडपा व स्पार्क प्लग बसविलेले असतात. या दोहोंच्या मध्ये जी पातळ, ठिकठिकाणी छिद्रे असलेली पट्टी आवळून बसवितात ती हेड गॅस्केट. पेटलेल्या वायूचा प्रचंड दाब, इंजिन थंड राखणारे पाणी आणि वंगणाचे तेल ही तिन्ही तेथे परस्परांपासून काही मिलिमीटरांच्या अंतरावर असतात, आणि त्यांपैकी एकानेही दुसऱ्याच्या हद्दीत शिरू नये ही सारी जबाबदारी त्या पट्टीवर असते. बोल्ट जितक्या सारख्या जोराने तिला धरून ठेवतील तितकाच तिचा निभाव लागतो.

स्टॅगचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा आणि हेडे ॲल्युमिनियमची आहेत. तापमानाच्या वाढीबरोबर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते: अर्धा मीटर लांबीची ॲल्युमिनियमची पट्टी ८० अंश सेल्सिअसने तापविली तर सुमारे ०.९ मिलिमीटर वाढते, लोखंडाची अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. एरवी गॅस्केट एवढी सरकासरक सोसते. पण पाणी कमी पडून हेड मर्यादेबाहेर तापले, की ते वाकते, त्याची बैठक सपाट राहत नाही, आणि जेथे पकड ढिली झाली तेथून वायू वाट काढतो. स्टॅगमध्ये तर पाणी कमी पडण्याची कारणे रचनेतच होती. पाण्याचा पंप दोन्ही हेडांच्या मधल्या बेचक्यात, फार उंचावर बसविलेला होता; पाण्याची पातळी थोडी उतरली की त्यात हवा शिरे आणि त्याचे काम थांबे. त्यात ओतकामाची वाळू काही ब्लॉकांच्या आतल्या वाटांत तशीच राहून गेली, ती वाहत जाऊन रेडिएटरच्या नळ्या बुजवू लागली. गंजरोधक न घालता नुसत्या पाण्यावर गाडी चालविणाऱ्यांनी उरलेली कामगिरी पार पाडली, कारण लोखंड, ॲल्युमिनियम व पाणी एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजत जाते. म्हणूनच, गॅस्केटला गुन्हेगार ठरवून तेवढीच बदलणे हे मला फिर्यादीलाच कोठडीत घालून तपास बंद करण्यासारखे वाटते.

लक्षणे ओळखणे अवघड नाही. पाणी कोठेही न गळता कमी होणे, एक्झॉस्टमधून गोडसर वासाचा पांढरा धूर सतत येणे, तेलाच्या झाकणाखाली दुधाळ लगदा साचणे आणि चालू इंजिनात पाण्याला बुडबुडे येणे, ही ठळक होत. खात्रीसाठी निळ्या रंगाच्या एका द्रवातून रेडिएटरच्या तोंडाशी जमलेली हवा ओढून घेतात. तीत ज्वलनाचा वायू असेल तर तो द्रव पिवळा पडतो.

खरी कसोटी लागते ती हेड उतरविताना. कॅमशाफ्टसह संपूर्ण जुळविलेले हेड इंजिनावर बसविता यावे म्हणून स्टॅगच्या रचनाकारांनी त्याला एका बाजूस बोल्ट आणि दुसऱ्या बाजूस तिरके स्टड दिले. कल्पना कारखान्याच्या सोयीची होती. दुरुस्तीच्या वेळी मात्र तीच मिस्त्रीच्या जिवावर येते. पोलादी स्टड वर्षानुवर्षे ॲल्युमिनियमच्या छिद्रात गंजून घट्ट होतात, आणि ते तिरके असल्यामुळे हेड सरळ वर उचलताच येत नाही. अशा वेळी स्टडच्या बुडाशी झिरपणारे तेल सोडून त्याला रात्रभर मुरू देतात. मग स्टडच्या उघड्या टोकावर दोन नट चढवून ते एकमेकांविरुद्ध करकचून आवळतात, आणि खालच्या नटाला पाना लावून तो उलटा फिरविला की, दैव अनुकूल असेल तर, आख्खा स्टड आट्यांतून सुटून वर येतो. सुटलाच नाही तर थोडी उष्णता, पुन्हा तेल, पुन्हा पाना. येथे घिसाडघाई करून हेड आणि ब्लॉक यांच्या फटीत छिन्नी ठोकणारा इसम हेडची बैठकच कायमची बिघडवितो. धीर धरून स्टड सोडविणे हेच मला या कामातील सर्वांत मोठे कसब वाटते.

उतरलेल्या हेडवर पोलादाची सरळ पट्टी लांबीत, रुंदीत आणि कर्णांवर ठेवून तिच्याखाली फीलर गेजची पाती सरकवून पाहतात. मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी, म्हणजे ०.०५ ची, पाती सहज शिरू लागली तर हेड प्लेन करून घेणे शहाणपणाचे. परंतु तेही बेताने करावे लागते, कारण या इंजिनात हेड खाली बसले की दाबाचे प्रमाण वाढते, कॅमशाफ्ट फिरविणारी साखळी सैल पडते आणि दोन हेडांच्या मधल्या मॅनिफोल्डची तोंडे जुळेनाशी होतात.

बसविताना ब्लॉकचा पृष्ठभाग निर्मळ करावा, बोल्टांच्या छिद्रांत तेलाचा वा पाण्याचा थेंबही राहू देऊ नये, कारण अडकलेल्या द्रवावर बोल्ट आवळला तर ब्लॉकला चीर जाऊ शकते. पुढे टॉर्क पाना हाती घेऊन मधून कडांकडे, ठरल्या क्रमाने आणि दोन-तीन टप्प्यांत आवळत जायचे.

यानंतर रेडिएटर उतरवून साफ करणे वा त्याचा गाभा बदलणे, ब्लॉकचे निचरा-नळ उघडून गाळ वाहू देणे, थर्मोस्टॅट व दाबाचे झाकण तपासणे, आणि हीटरची तोटी उघडी ठेवून आतली सारी हवा बाहेर काढणे, ही कामे गॅस्केटच्या खर्चाचाच भाग समजावीत. पुष्कळ मालकांनी या कटकटीला कंटाळून मूळ इंजिन काढले आणि रोव्हरचे साडेतीन लिटरचे इंजिन बसविले. त्यांना दोष देता येत नाही. तथापि ज्यांनी ब्लॉकमधला गाळ मनापासून धुऊन काढला आणि चांगला रेडिएटर बसविला, त्यांच्या गाड्यांतले मूळ इंजिन आजही नीट चालते. त्यांना सांभाळावे लागते ते इतकेच, की थंड इंजिनात पाण्याची पातळी वरचेवर पाहावी आणि गंजरोधकाचा गुण ओसरण्यापूर्वीच, म्हणजे साधारण दर दोन वर्षांनी, ते पाणी बदलावे.