बाळाचा वाटा

मालवणच्या दांडी किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं, शेवटाला आली आहे. दोन्ही बाजूंचे दोर धरून माणसं एकेक पाऊल मागे सरकताहेत. पाय घोट्यापर्यंत वाळूत. समोर पाण्यात सिंधुदुर्ग किल्ला. मे महिना, सकाळचे साडेसात, आणि ऊन आताच पाठीला चटके देतंय. जाळ्याचा घेर आवळत जातो तसं आतलं पाणी खळबळू लागतं. मग सगळं एकदम वाळूवर येतं. तारल्या, पेडवे, दोन-चार खेकडे, प्लास्टिकची एक बाटली. आणि मधूनमधून वाळूच्याच रंगाच्या, टोकदार तोंडाच्या, सडपातळ मुडदुशा. मुंबईकडे यांना नगली म्हणतात.

टोपल्या भरून निघतात. त्यांच्या मागोमाग मीही मालवणच्या मासळी बाजारात येतो.

जमीन ओली आहे. चप्पल चिकटते, सुटते, पुन्हा चिकटते. बर्फ फोडल्याचा आवाज, विळीवर खवलं उडाल्याचा आवाज, आणि या सगळ्याच्या वर बायकांचे गळे. सर्वांत मोठी गर्दी इसवणीभोवती, म्हणजे सुरमईभोवती. पुण्या-कोल्हापूरहून सुट्टीला आलेली मंडळी तिथे रांग लावून उभी आहेत. तुकड्या किती पडतील, जाडी किती ठेवायची, याची चर्चा चालली आहे. शेजारच्या ओट्यावर करड्या रंगाची मोरी, म्हणजे शार्क, पसरली आहे. तिच्यापुढेही चारजण आहेत.

रांगेत एक माहेरवाशीण आहे. झोळीत बाळ, बाळाच्या डोक्यावर सुती टोपी, टोपीखाली घामाचे थेंब. सोबत तिची आई. मुलीची नजर इसवणीवर आहे. मधला एक जाड काटा काढला की काम झालं, असा तिचा हिशेब. तिचा नंबर लागायच्या आत पलीकडची मासेवाली मावशी तिला हाक मारते.

"पोर कितक्या म्हयन्याचा गो?"

"सात पुरे झाले. आठवा लागला."

"मगे इसवण कित्याक व्हयी तुका? ह्यो मुडदुशे घे."

"काटा लागेल ना, मावशी."

"काटो नाय असो मासो खंय मेळतलो? बोटा कित्याक दिली हत देवान?"

रांगेतली दोघं-तिघं हसतात. मावशी हसत नाही. तिने वाटा लावलाही आहे.

तिने कारण सांगितलं नाही, पण कारण आहे. समुद्रातला पारा लहान माशाच्या अंगात थोडा असतो. लहान माशांना मोठा मासा खातो, त्याला त्याहून मोठा. दर पायरीला पारा साचत जातो. त्यामुळे वर्षानुवर्षं जगलेली मोरी, मोठा कुपा (ट्यूना), हातभर लांबीची इसवण यांच्यात तो जास्त. बाळाचा मेंदू पहिल्या दोन वर्षांत भराभर वाढत असतो आणि पारा नेमका तिथेच घाव घालतो. गंमत अशी, की मोरीला बारीक काटे नसतात, नुसता कूर्चेचा सांगाडा असतो. इसवणीचा काटा आंधळ्यालाही सापडेल. आईबापांना बिनधोक वाटतात ते हेच मासे, आणि बाळाला नकोत तेही हेच. दर पाहावा तर ओट्यावरचा सगळ्यात महाग मासा इसवण. लाडापोटी आपण बाळासाठी महागातलं घेतो. इथे लाड स्वस्तात होतो.

मुडदुशी घ्यायची ठरते. आता मुलीची आई पुढे सरसावते. कल्ला उचलून बघते: आत लाल हवं, विटकरी नको. डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा. पोटाजवळ बोट दाबते. खळगा पडून राहिला तर मासा परत टोपलीत जातो. पाच मासे ती असे परत टाकते. मावशी कुरकुरते, पण दुसरे काढून देते.

पलीकडे बांगड्यांची टोपली आहे. बर्फ वितळून नुसतं पाणी उरलंय, टोपलीवर ऊन आलंय. आई तिकडे बघतही नाही. बांगडा, तारली, कुपा हे मासे असे तापत राहिले की त्यांच्यात हिस्टामीन तयार होतं. वास येण्याआधीच होतं. ते कितीही शिजवलं तरी जात नाही. खाल्ल्यावर चेहरा लाल होतो, अंगावर पुरळ येतं, आणि घरचे म्हणतात, याला मासा सोसत नाही. मग वर्षभर घरात बाळाला मासा बंद. दोष कधी कधी त्या उन्हातल्या टोपलीचा असतो.

साफ करणाऱ्या बाईपुढे दुसरी रांग. ती विळीवर पाय रोवून बसली आहे. खवलं उलट्या बाजूने निघतात, डोकं वेगळं होतं, पोट फाटतं, आतलं काळं अंगठ्याने खरवडलं जातं. एका माशाला अर्धं मिनिटही लागत नाही. तिच्या पाठीमागे उलट्या टोपलीवर तिचा नातू बसला आहे. दीड-दोन वर्षांचा असेल. हातात चहात बुडवलेलं बिस्कीट. चारी बाजूंना मासे आहेत. २०१९ ते २१ या काळात झालेल्या देशव्यापी पाहणीत सहा ते तेवीस महिन्यांच्या शंभर बाळांपैकी जेमतेम अकरा बाळांना पुरेसा आहार मिळत असल्याचं दिसलं होतं. नातू बिस्कीट संपवतो आणि हात पुढे करतो. त्याला दुसरं मिळतं.

ऊन चढलंय. माहेरवाशिणीचं घर बाजारापासून जवळच आहे. तिच्या आईने मलाही जेवायला थांबवून घेतलंय.

स्वयंपाकघरात उकड्या तांदळाची पेज आधीच शिजते आहे. मुडदुशा पुन्हा धुतल्या जातात. त्यांना हळदीचं बोट लागतं. मीठ नाही. वर्ष होईपर्यंत बाळाच्या जेवणात मीठ घालायचं नाही, यावर मुलगी ठाम आहे. "चिमूटभर तरी घाल गो, तोंड कसं वळेल त्याचं?" आई म्हणते. मुलगी मिठाचा डबा उचलून फळीवर ठेवते. विषय तिथेच संपतो.

स्टीलच्या खोलगट ताटलीत मासे, ताटली चाळणीवर, चाळणी उकळत्या पाण्याच्या टोपावर, वर झाकण. सात-आठ मिनिटांत झाकणाखालून वास येतो. झाकण उघडल्यावर मांस दुधासारखं पांढरं दिसतं आणि चमच्याने ढकललं की पाकळी सुटते. जिथे ते अजून काचेसारखं दिसतंय, तो मासा आणखी दोन मिनिटं आत राहतो.

आणि आता खरं काम सुरू होतं. पंखा बंद. बाळाची आजी खिडकीच्या उजेडात पाटावर बसते. आधी पाठीवरचा पर काढते, पोटाकडचा काढते. मग शेपटीकडून मधला काटा उचलते. तो सबंध, एका ओढीत निघतो. मुलीला वाटतं झालं. आजी मान हलवते. पोटाच्या कडेला केसासारखे बारीक काटे असतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत. ती मांसाची एकेक पाकळी अंगठा आणि तर्जनीच्या मधे धरते, हलकेच दाबते, सरकवते. टोचलं की थांबते. नखाने काटा ओढून वाटीच्या कडेला पुसते. पुन्हा पहिल्यापासून दाबते. एका लहानशा मुडदुशीतून वाटीच्या कडेला सात-आठ काटे जमतात. दोन मासे सोलायला वीस मिनिटं लागतात आणि हाती येतं ते पोह्याच्या दोन चमच्यांएवढं. घाई असेल त्या दिवशी बाळाला डाळभात द्यावा, मासा देऊ नये. मिक्सरमधून काढून चालत नाही का, असं मी विचारतो. मिक्सरने काटा जात नाही, नुसता लहान होतो, असं उत्तर येतं.

पेजेतला भात चमच्याच्या पाठीने कुस्करला जातो. त्यात मासा, वर नारळाच्या दाट रसाचा एक चमचा. पुन्हा एकदा बोटांनी सगळं चाचपलं जातं.

बाळ मांडीवर ताठ बसलं आहे. सकाळचे अकरा. वेळही ठरवून निवडली आहे, कारण मासा आज तिसऱ्यांदाच आहे. पहिल्यांदा नुसता अर्धा चमचा दिला होता, तोही दिवसाउजेडी, सोबत दुसरा कुठलाही नवा पदार्थ न देता. तोंडाभोवती गांधी उठल्या, ओठ सुजले, उलट्या सुरू झाल्या, श्वास घरघरला तर दवाखाना उघडा असला पाहिजे. अशी रिअॅक्शन बहुतेकदा काही मिनिटांत, फार तर दोन तासांत दिसते. पूर्वी मासा उशिरा द्या, असं सांगत. आता सहा महिने पूर्ण झाल्यावर देतात. उशीर केल्याने अॅलर्जी टळते असं दिसलेलं नाही. ज्या बाळाला आधीच इसब किंवा दुसरी अॅलर्जी आहे, त्याच्यासाठी मात्र डॉक्टरांना विचारून.

पहिला घास बाहेर. दुसरा अर्धा बाहेर, अर्धा आत. तिसऱ्याला तोंड आपणहून उघडतं. सहा-सात चमचे झाल्यावर बाळ मान फिरवतं आणि दुधाकडे झेपावतं. वाटीत थोडं उरलंय. ते फ्रिजमध्ये जात नाही, मांजरीपुढे जातं.

बाळाचा मामेभाऊ अडीच वर्षांचा आहे. त्याचा वाटा वेगळा निघतो. मोठ्यांसाठी तारल्यांचं तिखलं व्हायचंय, पण तिखट पडायच्या आधीच तीन तारल्या कुकरच्या डब्यात गेल्या आहेत: हळद, दोन आमसुलं, मिठाचे चार कण, थोडं पाणी. अर्धा तास बारीक गॅसवर. काटे इतके मऊ होतात की चिमटीत चुरडले जातात. तरी आजी मधला काटा काढतेच. भाकरीच्या मऊ पदरात मासा भरून त्याच्या हातात दिला जातो. या वयाला एका वेळी तीसेक ग्रॅम मासा, आठवड्यातून दोनदा, एवढा पुरतो. तो तुकडा घेऊन ओटीकडे पळू लागतो. "बसान खा!" आतून एकाच वेळी दोन आवाज येतात. तोंडात मासा असताना पळायचं नाही, हसवायचं नाही, टीव्ही लावायचा नाही. तो बसतो. मग दुसरी तारली मागतो.

मागल्या दारी मांडवावर बांगडे सुकताहेत, मिठाने पांढरे झालेले. बेगमीचे दिवस आहेत. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत, म्हणजे ६१ दिवस, यांत्रिक होड्या समुद्रात जात नाहीत. रापणही दर्या खवळला की थांबते. बाजारात तेव्हा सुकं, बर्फात साठवलेलं आणि थोडंफार खाडीतलं मिळतं. त्या दोन महिन्यांत बाळासाठी खाडीचा ताजा मासा मिळाला तर कल्ला बघून घ्या. नाही मिळाला तर अंडं आहे, डाळ आहे. सुक्या माशात मीठ फार असतं. पहिला वाढदिवस होईपर्यंत तो बाळाच्या वाटीत घालू नका.