हॉकीचं मैदान कुणाच्या पैशानं उभं राहतं?
सार्वजनिक खर्च, महापालिकेचे कर्जरोखे आणि छोट्या बचतदाराचा हिशेब

शहरात नवं क्रीडा संकुल होणार अशी बातमी आली की आपण साधारणपणे दोन प्रश्न विचारतो. कुठे होणार आणि कधी होणार? तिसरा प्रश्न मात्र बहुतेक वेळा राहून जातो: पैसे कोण देणार? बचत करणाऱ्या माणसानं हा प्रश्न आधी विचारायला हवा, कारण या खर्चाचा काही भाग त्याच्या करातून जातो, काही भाग नकळत त्याच्या बँकेतल्या ठेवीतून जातो, आणि कधी कधी त्याच कामासाठी ‘आमचे रोखे घ्या’ असं त्यालाच सांगितलं जातं.

चेन्नईचं उदाहरण घेऊन हा व्यवहार समजून घेऊ.

एग्मोरचं मैदान

चेन्नईत एग्मोरला मेयर राधाकृष्णन हॉकी स्टेडियम आहे. १९९६ आणि २००५ची चॅम्पियन्स ट्रॉफी इथे झाली. २००७च्या आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात भारतानं इथेच दक्षिण कोरियाला ७-२ असं हरवलं. ऑगस्ट २०२३मध्ये आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात मलेशियावर ४-३ असा विजयही इथलाच. त्या स्पर्धेआधी मैदानावर नवा टर्फ घालण्यात आला. २०२५च्या अखेरीस २४ संघांचा कनिष्ठ पुरुष विश्वचषक चेन्नई आणि मदुराई या दोन शहरांत झाला.

हॉकीचं मैदान ९१.४ मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद असतं. १९७६च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकपासून मोठी हॉकी कृत्रिम टर्फवर आली आणि तेव्हापासून हा खेळ खर्चिक झाला. गवताचं मैदान पावसाळ्यानंतर पुन्हा उगवतं. टर्फ साधारण आठ-दहा वर्षांत झिजतो आणि पूर्ण बदलावा लागतो. शिवाय पाणी मारण्याची यंत्रणा, दिवे, निचरा, रखवालदार आणि वीजबिल आहेच. म्हणून मैदान बांधणं ही खर्चाची फक्त सुरुवात असते. घर घेताना आपण हप्त्याबरोबर देखभाल खर्च मोजतो, तसाच हिशेब इथेही करावा लागतो.

पैसा येण्याच्या वाटा

१. राज्य सरकारचं अंदाजपत्रक. मोठी स्टेडियमं बहुधा या पैशातून होतात. पुण्याजवळचं बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडा संकुल १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी असंच उभं राहिलं. ओडिशा सरकार तर २०१८पासून राष्ट्रीय हॉकी संघांचं प्रायोजक आहे, आणि २०२३च्या विश्वचषकासाठी त्यानं राउरकेला इथे नवं स्टेडियम बांधलं.

२. केंद्राचं अनुदान. ‘खेलो इंडिया’ योजनेतून टर्फ आणि क्रीडा सुविधांना मदत मिळते. प्रत्येक खासदाराला वर्षाला ५ कोटी रुपयांपर्यंतची कामं सुचवता येतात. त्यातही क्रीडांगणं बसतात.

३. कंपन्यांचा सामाजिक निधी. ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजोपयोगी कामांवर खर्च करावे लागतात. कायद्याच्या यादीत ऑलिम्पिक आणि ग्रामीण खेळांचं प्रशिक्षण आहे.

४. महापालिकेचा स्वतःचा पैसा. यात मुख्य आधार मालमत्ता कराचा.

५. कर्ज. हे बँकेकडून, वित्तसंस्थेकडून किंवा कर्जरोखे विकून घेतलं जातं.

पहिले तीन मार्ग बहुतेक वेळा बांधकामापुरते असतात. दरवर्षीची देखभाल आणि दहा वर्षांनी नवा टर्फ यांसाठी पैसा चौथ्या किंवा पाचव्या मार्गानंच येतो. म्हणजे अखेर शहरातल्या करदात्याच्या किंवा वापरणाऱ्याच्या खिशातून.

तुमची ठेव यात कुठे येते?

बँकांना आपल्या ठेवींचा ठरावीक हिस्सा, सध्या १८ टक्के, प्रामुख्यानं सरकारी रोख्यांत ठेवावा लागतो. या रोख्यांत केंद्राबरोबर राज्यांचेही रोखे असतात. तमिळनाडू किंवा महाराष्ट्र सरकार कर्ज काढतं तेव्हा त्यातला काही पैसा तुमच्या-आमच्या ठेवींतूनच गेलेला असतो. विमा कंपन्या आणि भविष्य निर्वाह निधीही असेच रोखे घेतात. नोव्हेंबर २०२१पासून रिझर्व्ह बँकेच्या ‘रिटेल डायरेक्ट’ खात्यातून सामान्य माणूस राज्यांचे रोखे थेटही घेऊ शकतो. सुरुवात १०,००० रुपयांपासून करता येते.

महापालिकेचे रोखे मात्र वेगळे. ते राज्य सरकारचे नसतात. परतफेडीची जबाबदारी महापालिकेची असते.

महापालिकेचे रोखे: चार शहरांचे अनुभव

अहमदाबादनं १९९८मध्ये राज्याच्या हमीशिवाय १०० कोटी रुपयांचे रोखे विकले. २०१५मध्ये सेबीनं अशा रोख्यांसाठी नियम केले. त्यानंतर २०१७मध्ये पुणे महापालिकेनं चोवीस तास पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटी रुपये ७.५९ टक्के व्याजानं उभे केले. पण पाण्याच्या कामाची निविदा रखडली आणि रोख्यांतून आलेली रक्कम काही काळ बँकेत ठेवावी लागली. व्याज देणं सुरू झालं, काम सुरू झालं नव्हतं. धडा साधा आहे: कामाची तयारी झाल्यावरच कर्ज काढावं.

इंदूरनं फेब्रुवारी २०२३मध्ये जलूद इथल्या सौर प्रकल्पासाठी २४४ कोटी रुपयांचे रोखे ८.२५ टक्के व्याजानं काढले आणि ते सामान्य गुंतवणूकदारांनाही विकले. पाणी उपसण्याच्या विजेवर होणारा खर्च वाचेल आणि त्यातून परतफेडीला हातभार लागेल, असा त्यामागचा हिशेब होता.

ग्रेटर चेन्नई महापालिकेनं २०२५मध्ये २०० कोटी रुपये दहा वर्षांसाठी ७.९७ टक्के व्याजानं उभे केले.

यांतली नमुन्याची कामं पाहा: पाणी, वीज. ज्या कामातून बिलं येतात किंवा खर्च वाचतो, त्यासाठी रोखे काढणं सोपं असतं. क्रीडांगणातून तेवढं उत्पन्न येत नाही. मुलं खेळली, तब्येती सुधारल्या, वस्तीत एक मोकळी जागा राहिली, हा लाभ खरा आहे. पण त्यातून व्याजाचा हप्ता भरता येत नाही. म्हणून मैदानासाठी कर्ज काढलं, तर त्याची परतफेड शहराच्या एकूण करातूनच होणार हे धरून चालावं.

हिशेब करून पाहू

खालचे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. ते कोणत्याही एका प्रकल्पाचे नाहीत.

समजा, हॉकी संकुलाचा खर्च १० कोटी रुपये. शहरात कर भरणारी २ लाख घरं. कर्ज ८ टक्के व्याजानं.

• मुदत १० वर्षं: वर्षाचा हप्ता सुमारे १ कोटी ४९ लाख. एकूण परतफेड सुमारे १४ कोटी ९० लाख. दर घरामागे वर्षाला सुमारे ७५ रुपये.

• मुदत २० वर्षं: वर्षाचा हप्ता सुमारे १ कोटी २ लाख. एकूण परतफेड सुमारे २० कोटी ३७ लाख. दर घरामागे वर्षाला सुमारे ५१ रुपये.

दुसरा पर्याय स्वस्त दिसतो, पण व्याजच मुद्दलाहून जास्त होतं. शिवाय टर्फ दहाव्या वर्षी संपलेला असेल आणि त्याचं कर्ज आणखी दहा वर्षं फेडायचं राहील. दहा वर्षं चालणाऱ्या वस्तूसाठी वीस वर्षांचं कर्ज घेऊ नये, हा नियम घरातल्या फ्रिजला लागू होतो तसा शहराच्या टर्फलाही लागू होतो.

आता देखभाल. वर्षाला ५० लाख धरले, तर दर घरामागे २५ रुपये. दहा वर्षांनी नव्या टर्फसाठी ४ कोटी लागतील असं धरलं, तर आतापासून दरवर्षी सुमारे २९ लाख बाजूला ठेवावे लागतील (७ टक्के व्याज धरून). ही शहराची आवर्ती ठेवच म्हणा. दर घरामागे सुमारे १५ रुपये. शाळा, क्लब, स्पर्धा यांच्या शुल्कातून वर्षाला २० लाख आले, तर १० रुपये वजा.

दहा वर्षांच्या कर्जाचा एकूण भार: दर घरामागे वर्षाला सुमारे १०५ रुपये. रक्कम लहान आहे. पण हीच आकडेमोड कागदावर मांडून नागरिकांसमोर ठेवली, तर निर्णय डोळसपणे होतो. नुसतं ‘१० कोटींचं संकुल’ म्हटलं तर होत नाही.

शुल्क घ्यावं की मोफत ठेवावं?

हा वाद चेन्नईत अलीकडेच झाला. ऑक्टोबर २०२४च्या अखेरीस महापालिकेनं कृत्रिम टर्फची नऊ फुटबॉल मैदानं खासगी चालकांकडे देण्याचा ठराव केला. खेळाडूला माणशी तासाला १२० रुपये पडणार होते. विरोध झाला आणि ठराव मागे घेतला गेला.

दोन्ही बाजूंचं म्हणणं समजून घ्यायला हवं. टर्फ झिजतो, दिवे जळतात, त्याला पैसा लागतो. पण वस्तीतला मुलगा रोज एक तास खेळला, तर १२० रुपयांच्या दरानं महिन्याला ३,६०० रुपये होतात. ज्या घरात महिन्याची बचतच हजार-दोन हजार असते, तिथलं मूल मैदानाबाहेर राहणार. पुण्याच्या खडकीतून धनराज पिल्ले पुढे आला. अशा वस्त्यांतली मुलं शुल्कामुळे गळू नयेत, हा सार्वजनिक पैसा वापरण्यामागचा मुख्य हेतू आहे.

मधला मार्ग काढता येतो: सकाळ-संध्याकाळचे ठरावीक तास मुलांसाठी मोफत, रात्री दिव्याखालच्या खेळाला शुल्क, कंपन्यांच्या स्पर्धांना पूर्ण दर. कोणता मार्ग घ्यायचा हे संकुल बांधण्याआधी ठरावं.

अलंदूरनं दाखवलेली वाट

नागरिकांनी आधी पैसे भरून काम उभं केल्याचं उदाहरण चेन्नईच्याच कुशीत आहे. अलंदूर तेव्हा स्वतंत्र नगरपालिका होती. २०११मध्ये ती चेन्नई महापालिकेत आली. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे भुयारी गटार योजनेसाठी घरटी ५,००० रुपये अनामत घेतली गेली. त्या काळात ही रक्कम लहान नव्हती. पण पैसे कशाला, किती आणि बदल्यात काय मिळणार हे घरोघर समजावून सांगितल्यामुळे हजारो कुटुंबांनी ते भरले.

गटाराची जोडणी प्रत्येक घराला मिळते, मैदान प्रत्येक घर वापरत नाही. त्यामुळे तीच पद्धत जशीच्या तशी चालणार नाही. पण हिशेब उघड ठेवला तर लोक पैसे देतात, हे तिथे दिसलं.

रोखे घेण्याआधी हे तपासा

उद्या तुमच्या शहरानं सामान्यांसाठी रोखे काढले, तर केवळ शहराच्या अभिमानापोटी पैसे गुंतवू नका.

• ही बँकेची ठेव नाही. बँकेतल्या ठेवींना दर बँकेमागे, दर ठेवीदारामागे व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंत विमा असतो. रोख्यांना तो नाही.

• पतमानांकन पाहा आणि ते कशाच्या आधारावर दिलंय तेही वाचा.

• परतफेडीसाठी वेगळं एस्क्रो खातं आहे का? मालमत्ता कराची वसुली आधी त्यात जाते का?

• महापालिकेची करवसुली कशी आहे? कर वाढवण्याची ताकद हाही परतफेडीचा आधार असतो. तमिळनाडूनं २०२२मध्ये मालमत्ता कर वाढवला, तेव्हा चेन्नईच्या जुन्या हद्दीतल्या घरांवरची वाढ आकारमानानुसार ५० ते १५० टक्के होती. रोखेधारकाला यानं धीर येतो. करदात्याला भार पडतो. तुम्ही दोन्ही असाल, तर एका हातानं मिळालेलं व्याज दुसऱ्या हातानं करात जाऊ शकतं.

• मुदतीआधी पैसे लागले तर? रोखे शेअर बाजारात नोंदलेले असले तरी गिऱ्हाईक मिळेलच असं नाही, आणि बाजारातलं व्याज वाढलं असेल तर किंमत कमी येते.

• व्याज करपात्र आहे की नाही, हे प्रस्तावपत्रात पाहा.

आणीबाणीसाठी ठेवलेला पैसा, मुलांच्या पुढच्या वर्षीच्या फीचा पैसा किंवा आई-वडिलांच्या औषधपाण्याचा पैसा अशा रोख्यांत घालू नये. तो बँकेत किंवा पोस्टात बरा.

नागरिक म्हणून विचारायचे पाच प्रश्न

१. बांधकामाचा पैसा कुठून, आणि देखभालीचा कुठून?
२. कर्जाची मुदत टर्फच्या आयुष्यापेक्षा जास्त आहे का?
३. नव्या टर्फसाठी दरवर्षी पैसे बाजूला ठेवले जाणार का?
४. मोफत तास किती, आणि ते लेखी ठरले आहेत का?
५. वर्षाचा जमाखर्च मैदानाच्या फाटकावर लावला जाणार का?

हे प्रश्न नगरसेवकाला, प्रभागाच्या बैठकीत किंवा माहिती अधिकाराच्या अर्जातून विचारता येतात. अर्जाची फी केंद्राच्या कार्यालयांसाठी १० रुपये आहे. राज्यांच्या कार्यालयांत पैसे भरण्याची पद्धत वेगळी असू शकते.

घरखर्चाची वही लिहिणाऱ्याला शहराचा हिशेब समजणं अवघड नाही. जमा किती, खर्च किती, कर्ज किती वर्षांचं आणि झिजणाऱ्या वस्तूसाठी काय साठवलंय, एवढंच पाहायचं असतं. हे चार आकडे जिथे स्पष्ट आहेत, त्या मैदानासाठी वर्षाला शंभर रुपये जास्त गेले तरी ते खर्च म्हणून सत्कारणी लागतात. जिथे ते आकडे कुणी सांगत नाही, तिथे आधी ते मागा आणि मगच होकार द्या.