एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात पुडा!

दिवस गेल्याचं कळलं, की घरीदारी उपदेशाला नुसता ऊत येतो. जड उचलू नकोस, ग्रहणात बाहेर पडू नकोस, एक ना दोन! पण हल्लीच्या पहिलटकरणीचा दिवस ज्या दोन गोष्टींच्या संगतीत जातो, त्यांच्याबद्दल धड कोणी बोलत नाही. एक मोबाइल आणि दुसरा वेफर्स, नूडल्स नाहीतर बिस्किटांचा पुडा. बोललंच, तर आजेसासूबाई म्हणणार, "त्या मोबाइलच्या किरणांनी बाळाला अपाय होईल गं!" आणि सूनबाई मनात म्हणणार, "काही होत नाही!"

मैत्रिणींनो, खरं काय ते पाहू या. मोबाइलच्या लहरी क्ष-किरणांसारख्या नसतात. त्यांनी पोटातल्या बाळाला इजा होते, असं आजवर सिद्ध झालेलं नाही. तेव्हा ती धास्ती नको. मोबाइल नेतो ते वेगळंच. तो झोप नेतो, चालणं नेतो आणि जेवणावरचं लक्षही नेतो. रात्री पडद्याचा उजेड डोळ्यांवर येत राहिला की झोप लांबते. जागरण झालं की काहीतरी चटकमटक खावंसं वाटतं. रात्री अकराला भाकरी कोण थापणार? मग पुडा फोडला जातो, आणि मालिकेचा भाग संपेपर्यंत तोही संपतो. किती खाल्लं, याचा पत्ताच नसतो. या दोन सवयी म्हणजे जुळ्या बहिणीच म्हणा ना!

पुडा वाचायला शिका

पुड्याच्या मागे सोडियमचा आकडा मिलिग्रॅममध्ये दिलेला असतो. त्याला अडीचनं गुणलं की मिठाचा हिशेब लागतो. १००० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे अडीच ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोठ्या माणसानं दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. म्हणजे अशा एका पुड्यातच निम्मा वाटा संपला! आकडा १०० ग्रॅमचा आहे की पूर्ण पुड्याचा, तेही पाहा. घटकांच्या यादीत जे सर्वांत जास्त, ते पहिलं लिहितात. सुरुवातीलाच मैदा, साखर, तेल दिसलं, तर पुडा तसाच परत ठेवा. आणि हो, घरचे पापड-लोणचीही मिठाचीच असतात बरं का!

पण मुख्य नुकसान पुढंच आहे. पुड्यानं भरलेल्या पोटात ताटातलं अन्न मावत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून अधिक, म्हणजे ५२ टक्के गर्भवतींमध्ये रक्त कमी आढळलं. मैद्यातून ते कसं भरून निघणार? पालेभाजी, उसळ, झेपत असेल तर अंडं-मासळी ताटात हवी. वर लिंबू पिळा, म्हणजे लोह अंगी लागतं. सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी मिळते. ती रोज, न चुकता घ्यायची. पण चहाबरोबर नको. चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही.

मधल्या वेळच्या भुकेसाठी हाताशी एक डबा ठेवा. फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, एखादं फळ. सकाळी मुगाचं धिरडं, दुपारी ताक. रक्तातली साखर वाढलेली असेल, तर गूळ-लाडू मात्र डॉक्टरांना विचारूनच.

मोबाइल पूर्ण सोडा, असं कोण म्हणेल? नोकरी करणारीला ते शक्यही नाही. झोपण्यापूर्वी तासभर तो बाहेरच्या खोलीत ठेवा. ताटावर बसताना तो दूर असू द्या. आईशी रोज अर्धा तास बोलणं होतं ना? मग कानाला लावून अंगणात सावकाश फेऱ्या घाला. डॉक्टरांची मनाई नसेल, तर चालणं फार चांगलं.

हे दुखणं मोबाइलचं नव्हे!

एक गोष्ट अगदी मनावर कोरून ठेवा. "डोकं दुखतंय, मोबाइल फार पाहिला असेल," असं म्हणून अनेकजणी गोळी घेऊन पडून राहतात. पाचव्या महिन्यानंतर डोकं फार दुखू लागलं, डोळ्यांपुढे अंधुक दिसलं किंवा काजवे चमकले, हात-चेहरा एकाएकी सुजला, बरगड्यांखाली दुखलं, तर तो वाढलेला रक्तदाब असू शकतो. यांतलं एक लक्षण दिसलं तरी त्याच दिवशी रक्तदाब आणि लघवी तपासून घ्या. बाळाची हालचाल मंदावली, तरी सकाळची वाट पाहू नका. एरवीच्या तपासणीसाठी दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची मोफत सोय असते.

आता दोन शब्द सासूबाईंसाठी आणि यजमानांसाठी. दिवसभर ब्लॉकमध्ये एकटी असलेली सून मोबाइल घेऊन बसते, ती बहुधा करमत नाही म्हणून. तो हातातून काढून घेतल्यानं काय साधणार? संध्याकाळी तिच्याबरोबर चार पावलं चाला, रात्री तिच्या पंगतीला बसा. गरम आमटी-भात समोर आला आणि बोलायला माणूस असलं, की पुड्याची आठवण आपोआप मागे पडते.