तंबाखूची चिमूट मेंदूत काय करते?



निपाणी आणि आसपासच्या गावांत तंबाखू हे केवळ एका व्यसनाचे नाव नाही. ते शेतातले पीक आहे, वखारीतला माल आहे आणि विड्या वळणाऱ्या कितीतरी आयाबहिणींची रोजची मजुरी आहे. १९८१ साली तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून निपाणीच्या शेतकऱ्यांनी मोठे आंदोलन केले, ते जुन्या मंडळींच्या अजून स्मरणात आहे. म्हणून 'तंबाखू वाईट' एवढेच सांगून आम्हां शिक्षकांना थांबता येत नाही. ज्या पानावर अनेक घरे चालतात, ते पान तोंडात गेल्यावर शरीरात व मनात नेमके काय घडते, हे मुलांना नीट कळले पाहिजे.

पानातले रसायन

झाडाला किडीपासून पळून जाता येत नाही. म्हणून तंबाखूचे झाड आपल्या मुळांत निकोटिन नावाचे रसायन तयार करते आणि ते पानांत साठवते. किडीच्या मज्जासंस्थेवर त्याचा घाला पडतो. पूर्वी पिकांवर फवारण्यासाठी निकोटिनपासून कीटकनाशकही बनवीत. हेच रसायन माणसाच्याही मज्जासंस्थेवर काम करते. दवाने भिजलेली हिरवी पाने हाताळणाऱ्या मजुराला कधी कधी मळमळ, डोकेदुखी, चक्कर असा त्रास होतो. त्याने तंबाखू खाल्लेली नसते, पण ओल्या पानांतले निकोटिन कातडीतून अंगात गेलेले असते. म्हणून अशा वेळी पूर्ण बाह्यांचा सदरा व हातमोजे वापरावेत आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत.

चुना कशासाठी?

तंबाखू चुन्यात मळूनच का खातात, याचे उत्तर आपल्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात आहे. चुना लाल लिटमस निळा करतो, म्हणजे तो अल्कधर्मी आहे. अशा माध्यमात निकोटिनच्या रेणूवरचा विद्युतभार जातो आणि तो गालाच्या आतील नाजूक अस्तरातून सहज रक्तात उतरतो. विडी-सिगारेटचा मार्ग याहून जवळचा आहे. धूर फुप्फुसात जातो आणि १० ते २० सेकंदांत निकोटिन मेंदूत पोहोचते.

खोटी किल्ली

मेंदूतील पेशी एकमेकींना रासायनिक निरोप पाठवतात. हे निरोप घेण्यासाठी पेशींवर जणू कुलुपे असतात. त्यांतली काही कुलुपे ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनाने उघडतात. निकोटिन ही त्याच कुलुपांची खोटी किल्ली आहे. ती लागली की मेंदूत डोपामिन सुटते आणि 'हे बरे वाटले, पुन्हा कर' असा निरोप पसरतो. त्याच वेळी ॲड्रिनलिन वाढते. हृदयाचे ठोके जलद होतात, रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, भूक मंदावते.

पहिल्यांदा खाणाऱ्याला गरगरते, घाम सुटतो, उलटी होते. आपण म्हणतो, 'तंबाखू लागली.' ही शरीराने घेतलेली हरकत असते. पण चिमूट रोज जाऊ लागली की शरीर हरकत घेणे सोडून देते. मेंदू अशा कुलुपांची संख्या वाढवतो. रक्तातले निकोटिन मात्र साधारण दोन तासांत निम्मे होते. मग रिकामी कुलुपे किल्ली मागू लागतात. माणूस चिडचिडा होतो, कामात लक्ष लागत नाही. पुन्हा चिमूट लावली की काही मिनिटांत बरे वाटते आणि त्याची समजूत होते की, तंबाखूमुळे डोके शांत राहते.

ही समजूतच खरा सापळा आहे. जी अस्वस्थता गेली, ती बहुतांशी आधीच्या चिमटीनेच आणलेली होती. घट्ट चप्पल दिवसभर घालून संध्याकाळी काढली की पायाला बरे वाटते. म्हणून कोणी मुद्दाम घट्ट चप्पल विकत घेत नाही! परीक्षेच्या दिवसांत 'जागरणाला बरी पडते' असे सांगून मित्र पुडी पुढे करील, तेव्हा हे आठवा. माणसाच्या मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालू असते. त्यामुळे कोवळ्या वयात लागलेली सवय लवकर घट्ट होते.

सुपारी आणि मशेरी

गुटखा व मावा यांत सुपारीही असते. सुपारीतील घटकांमुळे तोंडाचे मऊ अस्तर हळूहळू ताठ व पांढुरके होते. तिखट झोंबू लागते, तोंड पुरते उघडेनासे होते. आपली स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील, तर डॉक्टरांना दाखवावे. याच विकारातून पुढे कर्करोग होऊ शकतो. तंबाखू नसलेली नुसती सुपारीही कर्करोगास कारण ठरते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली जाहीर केले. तंबाखूतील कर्करोगाला मुख्यतः निकोटिन नव्हे, तर त्याच्यासोबतचे नायट्रोसमाइनसारखे पदार्थ जबाबदार असतात. निकोटिन माणसाला धरून ठेवते आणि बाकीचे पदार्थ घात करतात.

मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. 'दात घासायला' म्हणून लावली तरी निकोटिन रक्तात जातेच. गरोदरपणी ती लावल्यास बाळ कमी वजनाचे होण्याचा धोका वाढतो.

सोडता येते का?

येते. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण असतात. चिडचिड, बेचैनी, झोप न लागणे हे त्रास तीन-चार आठवड्यांत बरेच ओसरतात, कारण मेंदूतली वाढलेली कुलुपे कमी होऊ लागतात. म्हणून घरात कोणी तंबाखू सोडत असेल, तर त्या दिवसांतले त्यांचे रागावणे मनावर घेऊ नका. राष्ट्रीय मदतवाहिनीच्या १८००-११-२३५६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

२००३ च्या केंद्रीय कायद्याने शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास व १८ वर्षांखालील मुलांना ती देण्यास बंदी केली. कर्नाटकात २०२५ पासून ही वयोमर्यादा २१ आहे. गुटख्यावर येथे २०१३ पासूनच बंदी आहे. पण पानमसाला व तंबाखू अशा दोन पुड्या घेऊन हातावर एकत्र करणाऱ्याला कायदा पुरा पडत नाही. तिथे समजच कामी येते.

मुलांनो, आजोबांना किंवा वडिलांना उपदेश करू नका. त्यांच्याशेजारी बसून चुन्याची व कुलुपांची ही गोष्ट तेवढी वाचून दाखवा. आणि स्वतः पहिली चिमूट घेऊ नका, कारण जे कुलूप वाढलेच नाही, ते किल्ली मागत नाही.